विषयाशी संबंध नसलेला माणूस

फणीसर दार ढकलून आत आले, "नमस्कार मंडळी, मी परका," म्हणाले, आणि आकडेबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

दारात उभं राहून कुणी "मी परका" असं सांगू लागला, तर बाहेरच्या जगात लोक त्याला आधी खुर्ची देतील आणि मग हळूच विचारतील, घरचं कुणी सोबत आहे का. या विद्यापीठात मात्र ते रीतसर पद आहे. झालं असं, की कधीकाळी इथे प्रत्येक विभाग आपापली माणसं आपापसात डॉक्टर करून घ्यायचा. माशांवाले माशांवाल्यांना पास करायचे, कायदेवाले कायदेवाल्यांना. भाचे, पुतणे, मेहुणे, सगळ्यांची पीएचडी धडाधड. मग कुणा कुलगुरूंचं डोकं फिरलं आणि त्यांनी नियम केला, की दर व्हायवाला, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेला, एक परीक्षक असा बसवायचा ज्याला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही. त्याने एकच प्रश्न विचारायचा आणि उमेदवाराने त्याचं समाधान करायचं. समाधान झालं तर पदवी, नाही झालं तर घरी. त्या परीक्षकाला सगळे परका म्हणतात. आणि त्याचा विषयाशी लांबून जरी संबंध निघाला, तरी व्हायवा रद्द.

आता या विद्यापीठात परक्यांना तोटा नाही. नुसती ही एक इमारत घ्या. तळमजल्यावर एक जण मुंग्या वळणावर वेग कमी करतात का, ते बघत बसलाय. त्याच्या डोक्यावर एक बाई जुन्या काळी घराच्या खिडक्यांवर बसणाऱ्या कराचा अभ्यास करते. तिच्या शेजारी एक जण कंटाळलेली माणसं पेनाचं बटण किती टकटकवतात ते मोजतो, आणि त्यासाठी माणसांना पद्धतशीर कंटाळा आणतो, त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पलीकडे बेडकांचे घसे. वरच्या मजल्यावर संख्याशास्त्र. जिन्यात भेटले की सगळे एकमेकांना अगदी वाकून नमस्कार करतात आणि पुढे जाताना मनात म्हणतात, याला पगार नेमका कशाचा देतात?

परका होण्याचीही एक परंपरा आहे. परक्याने प्रबंध वाचायचा नाही. वाचला तर तो परका कसला! प्रबंधाची प्रत समोर ठेवलेली असते, तिच्यावर चहाचा कप ठेवायचा. शीर्षकसुद्धा फार निरखून वाचलेलं बरं दिसत नाही. मुंग्यांवाला एकदा कवितेच्या व्हायवाला परका होता. सगळे शांत झाल्यावर त्याने विचारलं, "ही कविता खालून वर वाचली तर कुणाला कळेल का?" ती मुलगी पास झाली, पण तेव्हापासून तिने कविता सोडली असं म्हणतात.

तर अशा या व्यवस्थेत आकडेबाईंना कुठलाही परका चालला असता. मुंग्यांवाला चालला असता, खिडक्यांच्या करवाली चालली असती. नेमला होता तोही उत्तम होता, मातीवाला, अर्धा बहिरा, प्रेमळ माणूस. सगळ्या विद्यापीठात फक्त एकच मनुष्य असा होता जो या खोलीत नको होता, आणि तोच आता पिशवी खुर्चीला अडकवून बसत होता.

कारण फणीसरांचा विषय होता फण्या. केस विंचरायच्या फण्या. स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नसलेल्या या माणसाने जगभरातल्या वस्तुसंग्रहालयांत जाऊन प्रत्येक फणीचा प्रत्येक दात मोजला होता. दोन दातांतलं अंतर, दाताची जाडी, सगळं. त्यावर त्यांनी तीन खंड लिहिले होते. सिद्धांत असा, की माणूस आधी जाड दातांनी विंचरायचा, मग जसजसा सुधारत गेला तसतसे दात बारीक होत गेले. त्यावरून त्यांनी माणसाच्या सुधारणेची सात युगं पाडली होती, पहिलं जाड, सातवं बारीक. ती सात युगं शाळेच्या पुस्तकात गेली होती. एका जेवणात त्यांचा सख्खा मेहुणा तिसऱ्या युगाबद्दल काहीतरी चावटपणे बोलला, तेव्हापासून दोन घरांचं येणंजाणं बंद होतं.

आणि आकडेबाईंच्या प्रबंधाने काय केलं होतं? सातही युगांचं भुसकट केलं होतं.

तसं करायचं त्यांच्या मनात मुळीच नव्हतं. त्या संख्याशास्त्राच्या तासावर शिकवणाऱ्या, कायम हंगामी. आकड्यांची मोठी बाडं हवी होती म्हणून त्यांनी फणीसरांचे खंड उघडले आणि त्या फण्यांच्या प्रेमातच पडल्या. पण हिशेब काही केल्या जुळेना. मग एका वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात त्यांना मोडक्या फण्यांचे खोकेच्या खोके सापडले, कुणी कधी न मोजलेले. ते मोजले आणि सगळा उलगडा झाला. गाइडसरांना म्हणजे त्यांच्या मार्गदर्शकांना ते कळलं तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली. "फणी हा शब्द शीर्षकात नको," ते म्हणाले, "भांडण नको. आपण 'दंतुर वस्तू' म्हणू." त्यामुळे शीर्षक झालं, 'दंतुर वस्तूंच्या संचातील अवशेष-पक्षपाताचे संख्याशास्त्रीय प्रारूप'. हे वाचून कुणाला फणी आठवेल? कुणाला काहीच आठवणार नाही. त्यासाठीच तर तसं ठेवलं होतं.

"सर," आकडेबाई गाइडसरांच्या कानात पुटपुटल्या, "हे इथे कसे?"

गाइडसर घसा खाकरत बाहेर गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले. खाली बेडकांच्या खोलीत बरणी फुटली होती. वास असा सुटला होता की माणसं नाकाला रुमाल लावून पळाली. म्हणून क्लार्कने बेडकांची व्हायवा वर शेजारच्या खोलीत हलवली, पण दारांवरच्या पाट्या बदलायच्या राहिल्या आणि दोन्ही परके एकमेकांच्या खोलीत शिरले. फणीसर खरे बेडकांचे परके. मातीवाले खरे आपले. ते तिकडे बेडकांपुढे जाऊन बसलेत.

"मग बदला ना त्यांना!"

"तिकडे सुरू झाली. सुरू झालेली व्हायवा थांबवता येत नाही. आणि नवा परका नेमायचा तर पुढच्या महिन्याची बैठक."

पुढच्या महिन्यात आकडेबाईंचा प्रबंध म्हणजे रद्दी होती. त्यांची मुदत आज संपत होती. एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा हातापाया पडून वाढवली होती, आता तिसऱ्यांदा ब्रह्मदेव आला तरी वाढणार नव्हती. पदवी नसेल तर पुढच्या सत्रापासून तासही नाहीत, असं विभागाने तोंडावर सांगितलं होतं. इतक्या वर्षांचं काम आज या खोलीतून बाहेर पडताना एक तर त्यांचं होणार होतं, नाही तर मातीत जाणार होतं.

"त्यांना कळलं नाही म्हणजे झालं," गाइडसर म्हणाले. "तो शब्द तोंडातून काढू नका."

"माझा सगळा प्रबंध त्याच शब्दावर आहे हो!"

"वस्तू म्हणा. नुसतं वस्तू."

मुख्य परीक्षक म्हणून दुसऱ्या विद्यापीठातून एक बाई आल्या होत्या. कडक इस्त्रीच्या, आवाज कोरडा. त्या या गावात नवीन, त्यांना फणीसर कोण याचा पत्ता नव्हता. कोपऱ्यात क्लार्क रेकॉर्डर घेऊन बसला होता, त्याला काहीच पत्ता नसायचा. आणि शेवटच्या बाकावर बसली होती आकडेबाईंची धाकटी नणंद. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे तिचा आवाज बंद काचेतून रस्त्यापलीकडे ऐकू जातो. वहिनी डॉक्टर होणार म्हणून तिने आजचे सगळे धडे रद्द केले होते. घरातलं जेवणाचं टेबल इतकी वर्षं फण्यांनी भरलेलं बघितल्यामुळे तिला प्रबंधातलं सगळं ठाऊक होतं. हे आकडेबाईंना आत्ता आठवलं.

"सुरू करा," पाहुण्या बाई म्हणाल्या.

आकडेबाईंनी पहिली स्लाइड लावली. शीर्षक. फणीसरांनी तिकडे पाहिलं, परंपरेप्रमाणे चटकन नजर काढली आणि प्रबंधावर चहाचा कप ठेवला. दुसरी स्लाइड म्हणजे भिंतभर मोठी फणी. आकडेबाईंचं बोट बटणावरच थिजलं.

"प्रोजेक्टर बिघडलाय वाटतं," त्या म्हणाल्या.

"वहिनी, अगं चालू आहे की!" मागून आवाज आला. "पुढचं दाबलं नाहीस तू. दाब, दाब, घाबरू नकोस!"

गाइडसरांनी टेबलाखालून पाय लांब करून वायरच खेचली. भिंत काळी झाली.

"बघा, बिघडलाच," ते म्हणाले, आणि इतक्या जोरात खाकरले की क्लार्कने रेकॉर्डरचा आवाज कमी केला.

मग आकडेबाई तोंडाने बोलू लागल्या. वस्तू अशा, वस्तू तशा. काही वस्तूंना बारीक अवयव, काहींना जाड. बोलता बोलता घाम फुटला, कारण पाहुण्या बाई अधूनमधून "म्हणजे ह्या तुमच्या..." अशी सुरुवात करायच्या आणि आकडेबाई "वस्तू!" म्हणून मध्येच तुटून पडायच्या. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा पाहुण्या बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात फणीसरांनी हात वर केला.

"माफ करा, मला कळत नाहीये," ते म्हणाले. "परक्याला कळलं पाहिजे ना? तुम्ही मघापासून वस्तू वस्तू करताय. कसली वस्तू? एखादी साधी डोळ्यांपुढे येईल अशी सांगा की."

आकडेबाईंची नजर त्यांच्या कपावर गेली.

"पेले," त्या म्हणाल्या. "समजा, सर, पेले. एका घरात दोन तऱ्हेचे पेले आहेत. जाड काचेचे आणि पातळ काचेचे. दोन्ही अगदी पहिल्यापासून आहेत. रोज वापरतात, रोज घासतात. पातळ पेल्यांचं काय होतं?"

"फुटतात," फणीसर म्हणाले. "आमच्याकडे एक टिकत नाही. सूनबाई म्हणते बाबांच्या हातात काच देऊच नका."

"आणि फुटके जातात कुठे?"

"कचऱ्यात. आणखी कुठे!"

"आता एक माणूस पेल्यांचा अभ्यास करायला निघाला. त्याने पणजीचं कपाट उघडलं. काय दिसेल?"

फणीसर खुर्चीत पुढे सरकले. डोळे लुकलुकायला लागले. "सगळे जाड! पातळ कधीच फुटून गेले असणार."

"आईच्या कपाटात?"

"जाड बरेच, पातळ थोडे."

"आणि नव्या सुनेच्या?"

"दोन्ही. अजून फुटायचेत!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "वा!"

"तो माणूस म्हणतो, पणजीला पातळ पेले माहीतच नव्हते. माणसं जसजशी सुधारली तसतसे पेले पातळ होत गेले. खरं म्हणजे सुधारणा वगैरे काही नाही, सर. पातळ पेले पहिल्यापासून होते. त्याने फक्त अखंड मोजले, फुटके मोजलेच नाहीत. आणि त्यावर त्याने पुस्तक लिहिलं."

"पुस्तक लिहिलं?"

"तीन खंड!" मागून नणंद म्हणाली.

फणीसर हसू लागले. आधी खिक करून, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत. टक्कल लालबुंद झालं. पाहुण्या बाईंनाही हसू आलं. "तीन खंड! पेल्यांवर! अरे देवा," ते म्हणत होते, "आणि घरात त्याला कुणी सांगितलं नाही? बायको नव्हती का गाढवाला?" गाइडसर सोडून सगळे हसत होते. गाइडसर टेबलाकडे बघत होते, टेबलाखाली जाता येईल का ते बघत असावेत.

आकडेबाईंना वाटलं, सुटलो. इतका खूश झालेला परका त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आता तो काहीतरी किरकोळ विचारेल, पेल्यांचं काहीतरी, आणि आपण जिंकू.

"माझा प्रश्न ठरला," फणीसर म्हणाले.

क्लार्कने रेकॉर्डर पुढे सरकवला. पाहुण्या बाईंनी पेन उचललं.

"हा महामूर्ख कोण?"

गाइडसरांनी डोळे मिटले.

"म्हणजे, सर, नावाला तसा काही अर्थ नाही," ते घाईघाईने म्हणाले, "ती एक वृत्ती आहे, एक विचारपद्धती..."

"वृत्ती तीन खंड लिहीत नाही. माणूस लिहितो. मला नाव हवंय."

"दुसरा एखादा प्रश्न..."

"प्रश्न नोंदला गेलाय," पाहुण्या बाई म्हणाल्या. "आता बदलता येत नाही. उत्तर द्या."

आकडेबाई उभ्या राहिल्या. खरं तर उत्तर अगदी सोपं होतं. मेलेल्या कुणाचं नाव घ्यायचं. परदेशातला कुणीतरी, लांबलचक आडनावाचा, कुणाला शोधायला जायचंय! फणीसर "हो का, वाटलंच" म्हणतील, समाधान होईल, संध्याकाळी घरी नणंद पेढे नाहीतर काहीतरी गोड आणेल. जीभ तशी वळलीसुद्धा होती.

पण या आकडेबाईचा एक दुर्गुण होता. तिला चुकीचा आकडा सहन होत नसे. दुकानदाराने चुकून पैसे कमी लावले तरी ती परत जायची, नवरा गाडीत डोक्याला हात लावून बसायचा. आणि समोर बसला होता तो माणूस, ज्याची प्रत्येक फणी तिने पुन्हा मोजून पाहिली होती. जिथे जिथे तिला शंका आली तिथे तिथे तो बरोबर निघाला होता. तिला राग आला. स्वतःचा, गाइडसरांचा, त्या फुटक्या बरणीचा, आणि सगळ्यांत जास्त राग याचा, की इतका चांगला माणूस इतकं चुकीचं बोलला होता आणि आता स्वतःलाच हसत होता.

"तुम्ही, सर," त्या म्हणाल्या.

"हो, हो, मीही चुकतो, आपण सगळेच चुकतो," फणीसर डोळे पुसत म्हणाले. "पण त्याचं नाव?"

"सर, ते पेले नाहीत. फण्या आहेत."

मागच्या बाकावर नणंदेने तोंडावर हात ठेवला. इतक्या वेळाने तिला आत्ता कळलं की समोर कोण बसलंय.

फणीसरांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं. मग त्यांनी प्रबंधावरचा कप उचलला आणि बाजूला ठेवला. पुठ्ठ्यावर चहाचं वर्तुळ उमटलं होतं, ते त्यांनी बाहीने पुसलं. उघडलं. पहिल्याच पानावर त्यांच्या पहिल्या खंडातली आकृती होती, त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेली. ते वाचू लागले. परका प्रबंध वाचतोय असं या विद्यापीठात कुणी कधी पाहिलं नव्हतं. गाइडसर खाकरायचेसुद्धा थांबले.

"मापं माझी आहेत," बऱ्याच वेळाने ते म्हणाले.

"सगळी तुमचीच, सर. मी एकूण एक तपासली. एकही चुकलेलं नाही. तुम्ही एका जरी फणीचं माप सिद्धांतासाठी फिरवलं असतं ना, तर मला हे सिद्ध करताच आलं नसतं."

हे ऐकून बरं वाटावं म्हणून त्या बोलल्या होत्या. बोलल्यावर त्यांना कळलं, की यापेक्षा वाईट काही बोलता आलं नसतं.

"मोडक्या कुठे मिळाल्या?"

"तळघरात. तुम्हीच बाजूला काढून ठेवल्या होत्या. खोक्यांवर तुमचं अक्षर आहे."

"हो. मी म्हटलं होतं, मोडकी फणी काय मोजायची." त्यांनी हात पुढे केला. "आहे का एखादी?"

आकडेबाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक काढली. दाखवायला म्हणून आणलेली. काळपट, बोटभर, दात सगळे बुंध्याशी तुटलेले. फणीसरांनी ती घेतली नि अंगठा त्या तुटक्या बुडख्यांवरून हळूच फिरवला, इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. त्यांना मापाची पट्टी लागली नाही.

"बारीक आहे गं," ते म्हणाले. "फार बारीक आहे. पहिल्या युगातली?"

"त्याच्याही आधीची."

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ हलवत राहिले.

पाहुण्या बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या कडक होत्या पण आंधळ्या नव्हत्या. "मला आता एक विचारणं भाग आहे," त्या म्हणाल्या. "परक्या परीक्षकांचा विषयाशी संबंध आहे असं दिसतंय. तसं असेल तर ही व्हायवा..."

"मॅडम, त्यांची आज मुदत संपते," गाइडसर म्हणाले. भित्रा माणूस, पण तेवढं बोलला.

"मला माहीत आहे. पण नियम म्हणजे नियम." त्या फणीसरांकडे वळल्या. "संबंध आहे की नाही हे मी ठरवत नाही. पुस्तकावरच्या नावाचा दुसराही कुणी माणूस असू शकतो. इथे ते परक्याने स्वतः उभं राहून सांगायचं असतं, आणि जे सांगाल ते अखेरचं. नीट विचार करा, सर."

विचार करण्यासारखं होतं खरं. "आहे" एवढा एक शब्द बोलला की प्रबंध रद्द. रद्द प्रबंध कुणी वाचत नाही. सातही युगं शाळेच्या पुस्तकात जागच्या जागी राहिली असती, आणि खोटं बोलल्याचं पापही नाही, कारण ते खरंच होतं. या खोलीत त्या विषयाशी त्यांच्याइतका संबंध असलेला दुसरा कोण होता! आकडेबाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की नका, आणि त्याच वेळी वाटत होतं की बोला, लवकर बोला. स्वतःची लाज वाटली त्यांना, पण पदवी हवीच होती.

फणीसर उठले. शर्ट खाली ओढून नीट केला.

"माझा या विषयाशी काही संबंध नाही," ते म्हणाले.

हळूच म्हणाले, जवळच्याला ऐकू येईल इतकं. आणि बसले.

नणंद रडायला लागली. गाइडसरांनी श्वास सोडला. पाहुण्या बाईंनी सही करायला कागद ओढला आणि तेवढ्यात कोपऱ्यातून क्लार्क म्हणाला, "सर, सॉरी हां. रेकॉर्ड झालं नाही. मघाशी ते सर जोरात खोकले ना, तेव्हा मी आवाज कमी केला होता. परत एकदा बोलता का?"

त्याला मारायला आकडेबाईंचा हात शिवशिवला.

"जरा मोठ्याने बोला," क्लार्क म्हणाला. "आणि विषयाचं नावही घ्या. तसं लागतं."

फणीसर पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांनी खुर्चीचा आधार घेतला. समोर भिंतीकडे बघून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा आवाज लावून, एकेक शब्द सुटा करत ते बोलले.

"फणी. या विषयाशी. माझा. काहीही संबंध नाही."

"आता आलं," क्लार्क म्हणाला.

मग सह्या झाल्या. पाहुण्या बाईंनी हात मिळवला, गाइडसर दोन्ही हातांनी अभिनंदन करत सुटले, नणंदेने धावत येऊन वहिनीला अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला. आकडेबाई तिच्या खांद्यावरून फणीसरांकडेच बघत होत्या. त्यांनी पिशवी खांद्याला लावली होती. ती मोडकी फणी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली, जन्मभराची सवय, आणि दाराकडे निघाले. दारात थांबले. खिशावर हात गेला. फणी काढून ते परत आले आणि ती आकडेबाईंच्या हातात ठेवली.

"हे तुमचं, डॉक्टर," म्हणाले, आणि बेडकांची खोली कुठली, असं क्लार्कला विचारत बाहेर पडले.